आमच्याकडे असं खेळतात

पत्ते कुटायला पासपोर्ट लागतो, हे मंग्याच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. एवढे पैसे घालून पोरं परदेशी निघालीत म्हणजे काहीतरी कामाचं असणार, अशी त्यांची समजूत होती. खरं कारण कळल्यावर त्या "पन्नाशीला टेकलात रे!" एवढंच म्हणाल्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मात्र भरून दिला. याच विषयावर आमच्या घरी झालेलं संभाषण इथे देण्यासारखं नाही.

तर आम्ही जर्मनीतल्या एसेनला गेलो होतो. एसेन हे एकेकाळचं कोळशाचं आणि क्रुप घराण्याच्या पोलादाचं गाव. खाणी बंद झाल्या, धूर गेला, आणि आता दर ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार तिथे ‘श्पील’ नावाचा खेळांचा मेळा भरतो. १९८३ साली प्रौढशिक्षणाच्या वर्गखोल्यांतून सुरू झालेल्या या मेळ्याला २०१९ मध्ये दोन लाखांवर माणसं येऊन गेली. ‘गेमिंग’ म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांसमोर कानाला हेडफोन लावलेली, रात्रभर जागून डोळे तांबारलेली पोरं येतात त्यांनी ऑगस्टात कोलोनला जावं. पडद्यावरच्या खेळांचा मेळा तिकडे. एसेनला जमते ती पुठ्ठ्याची जमात. पट, फासे, पत्ते, लाकडी सोंगट्या. वीज लागते ती दिव्यांना आणि पैसे उकळायच्या मशीनला.

आमच्या कंपूत पाचजण. मंग्याला कुठल्याही नियमाला "पण समजा" म्हणून फाटा फोडायची सवय आहे. केतकी कुठलाही खेळ पहिल्यांदाच खेळताना जिंकते आणि वर "अगं बाई, संपला?" असं विचारते. पराग सांगलीकडचा, आणि त्याच्या घरी खरी शेती आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. सुहास श्टुटगार्टला नोकरी करतो, त्यामुळे जर्मनीतल्या यच्चयावत गोष्टींना, अगदी पावसालासुद्धा, त्यालाच जबाबदार धरलं जातं. पाचवा मी.

मेळ्यात दर वर्षी हजारावर नवे खेळ येतात. सगळे खेळायचे तर जन्म पुरणार नाही, म्हणून सुहासने एक्सेल केली होती. खेळाचं नाव, दालन, किती खेळाडू, किती मिनिटं, किती युरो, असे रकाने. शेवटचा रकाना ‘मंग्या भांडेल का?’ त्यात वरपासून खालपर्यंत ‘हो’. ही एक्सेल आम्ही पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत वापरली.

दहाला दारं उघडतात. त्याआधी यू-अकरा नावाची भुयारी गाडी माणसं आणून ओतत असते आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात रिकाम्या सुटकेसा असतात. मोकळी सुटकेस घेऊन घराबाहेर पडलेला माणूस आपल्याकडे पोलिसांना संशयास्पद वाटेल. दार उघडलं की गुडघ्याला पट्टा बांधलेले, दाढी पांढरी झालेले, एरवी बँकेत कर्जमंजुरी वगैरे करत असतील असे लोक जीव खाऊन पळतात. कारण अमुक एका दालनात तमुक खेळाच्या मोजक्याच प्रती आलेल्या असतात आणि त्या दुपारी बारापर्यंत संपतात. आम्हीही पळालो. कशासाठी ते पळून झाल्यावर ठरवू असं मंग्या म्हणाला.

खरी टंचाई मात्र खेळांची नसून टेबलांची. प्रत्येक प्रकाशकाने चार-सहा टेबलं मांडलेली असतात, तिथे बसून नवा खेळ फुकट खेळून बघता येतो. पण बसलेले उठले पाहिजेत ना! इथे केतकी कामाला आली. ती डोंबिवलीची. लोकलमध्ये "कुठे उतरणार?" विचारून सीट पक्की करण्यात तिची कॉलेजची वर्षं गेली आहेत. खेळणाऱ्यांच्या खुर्चीमागे जाऊन ती मृदू आवाजात "लास्ट राउंड?" असं विचारायची. जर्मन माणसाला खोटं बोलायची सवय नसावी. तो प्रामाणिकपणे "अजून दोन" असं सांगायचा आणि मग त्याला तिच्या नजरेखाली ते दोन डाव खेळावे लागायचे. एका टेबलावरचे चौघे तर गुण न मोजताच उठले.

टेबल मिळालं की समजावणारा येतो. प्रकाशकाच्या नावाचा टी-शर्ट घातलेला, बहुधा कॉलेजातला मुलगा. शनिवार दुपारपर्यंत त्याचा घसा पार बसलेला असतो आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या असतात. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: खेळ तसा अगदी सोपा आहे. हे ऐकलं की खुर्ची पुढे ओढून घ्यावी, कारण आता पाऊण तास हलायचं नाही. पट उलगडतो, त्यावर दुसरा छोटा पट येतो, मग प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचा वेगळा पट, मग पाच रंगांचे ठोकळे, पुठ्ठ्याची नाणी, तीन प्रकारचे पत्ते, आणि शेवटी एक एकटी लाकडी मेंढी, जिच्याबद्दल तो "हिचं नंतर सांगतो" असं म्हणतो आणि कधीच सांगत नाही.

तो सांगत असताना मी या खेळांचे विषय लिहून घेत होतो. द्राक्षमळा चालवा. टपाल पोचवा. गोधडी शिवा. मठ बांधा. जहाजात माल भरा आणि जकात द्या. फ्रीडेमान फ्रीझे नावाच्या हिरव्या केसांच्या गृहस्थांचा एक गाजलेला खेळ आहे, त्यात लिलावात वीजकेंद्र घ्यायचं, बाजारातून कोळसा आणायचा आणि गावागावांत दिवे लावायचे. पराग म्हणाला, "हे वीज मंडळाचं काम आपण पैसे देऊन करायचं?" प्रश्न बरोबर होता. वर्षभर ऑफिसात जे करायला आपल्याला पगार देतात, म्हणजे अपुरी सामग्री, अपुरी माणसं, डोक्यावर मुदत आणि शेजारच्या टेबलावरचा आपल्यापुढे निघालेला माणूस, तेच करायला आम्ही रजा टाकून आलो होतो. फरक एवढाच की इथे प्रत्येकाला नियम आधी सांगतात.

आणि नियम सांगतात म्हणजे कसे! मंग्याने त्या घसा बसलेल्या मुलाला विचारलं, "पण समजा, बाजारातला कोळसाच संपला तर?" पोराने पुस्तिका उघडून बोट ठेवलं. "पण समजा, दोघांचे पैसे सारखे झाले तर?" पुढचं पान. "पण समजा, तिसऱ्याने मुद्दामच बोली लावली नाही तर?" त्यालाही चौकट होती, चौकटीत उदाहरण होतं आणि उदाहरणात चित्र होतं. मंग्याचा चेहरा मी बघत होतो. इतकी वर्षं ज्या प्रश्नांवर त्याने लग्नाच्या हॉलवर, गणपतीत आणि कोकणच्या सहलींत लोकांना जेरीस आणलं होतं, ते सगळे प्रश्न कुणीतरी आधीच विचार करून छापून ठेवले होते. त्यानंतर तासभर तो कुणाशीच बोलला नाही.

त्याचं दुःख मला कळतं. आपले खेळ नियमांच्या पुस्तिकेवर वाढलेले नाहीत. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, नॉट ॲट होम यांचे नियम मी तरी कुठे छापलेले बघून शिकलो नाही. ते असतात आजीकडे, नाहीतर ज्याचा कॅट आहे त्या मामेभावाकडे. ‘आमच्याकडे असं खेळतात’ हे आपलं कलम एक, आणि त्याला उत्तर म्हणून ‘आमच्याकडे नाही खेळत’ हे कलम दोन. हुकूम आधी बोलायचा की अडल्यावर, सत्ती हातात दाबून ठेवता येते का, भिडूला डोळा मारणं हा गुन्हा आहे की कौशल्य, यावर पहिला अर्धा तास जातो. पिसलेले पत्ते तसेच पडून असतात. त्या अर्ध्या तासात एखादी आत्या रुसते. चहा येतो. मग जी व्यक्ती सगळ्यात मोठ्याने बोलू शकते तिच्या घरचे नियम त्या रात्रीपुरते लागू होतात. मला तर वाटतं, पुष्कळ घरांत हा वाद हाच मुख्य खेळ असतो आणि पत्ते नंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून.

याचे परिणाम कुठवर जाऊ शकतात हे महाभारतात आहेच. द्यूत संपल्यावर द्रौपदीने भर सभेत जो प्रश्न विचारला तो शुद्ध नियमाचा प्रश्न होता: आधी स्वतःला हरून बसलेला माणूस दुसऱ्या कुणाला पणाला लावू शकतो का? भीष्मांसारखा माणूस धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून गप्प बसला. तो पट जर्मनांनी काढला असता तर पुस्तिकेच्या अकराव्या पानावर चौकटीत उत्तर असतं, खाली चित्रात शकुनी लाल आणि युधिष्ठिर निळा, आणि पुढची सगळी पर्वं वाचली असती. आपला खंडोबा मात्र या बाबतीत चतुर. म्हाळसेशी सारीपाट हरला, पैजेपायी बारा वर्षं घराबाहेर गेला आणि बाणाईशी लग्न लावून परतला. असा हरण्यातला फायदा मी कुठल्याच जर्मन पुस्तिकेत पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट तिथे डोळ्यांत भरते. खेळ रचणाऱ्याचं नाव खोक्यावर पुस्तकाच्या लेखकासारखं ठळक छापलेलं असतं. हे आपोआप झालेलं नाही. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत काही जर्मन खेळकर्त्यांनी, खोक्यावर नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही, असा ठराव बीअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहून सह्या केल्या. चकती पुठ्ठ्याचीच होती हे मला फार आवडलं. तेव्हापासून त्यांना मान आहे. ‘कटान’ हा सगळ्या जगात पोचलेला खेळ १९९५ साली आला तो क्लाउस टॉयबर यांनी रचलेला. ते तेव्हा दातांच्या कवळ्या करण्याच्या धंद्यात होते. राइनर क्निझिया गणितात डॉक्टरेट मिळवलेले, आणि त्यांच्या नावावर शेकड्यांनी खेळ. अशा लोकांच्या सह्या घ्यायला खोकी हातात धरून रांगा लागतात. एका रांगेत आम्हीही उभे राहिलो. कुणाची आहे हे माहीत नव्हतं, पण हलत होती. परागला एकच चुटपुट लागून राहिली, की मेंढीकोट रचणाऱ्याची सही आता कुणाकडून घ्यायची.

संध्याकाळी दालनं बंद झाली की मेळा हॉटेलांत शिरतो. नाश्त्याच्या हॉलमध्ये जेवढी टेबलं तेवढे पट. तिथे एका पोलिश जोडप्याने आम्हाला ‘अग्रिकोला’ खेळायला बोलावलं. हा उवे रोझेनबर्ग यांचा २००७ सालचा खेळ, आणि विषय शेती. सतराव्या शतकातला युरोप, प्लेगची साथ नुकतीच ओसरलेली. तुमच्याकडे एक नवरा, एक बायको आणि दोन खोल्यांचं लाकडी झोपडं. चौदा फेऱ्यांत नांगरायचं, पेरायचं, कुंपण घालायचं, जनावरं पाळायची, जमलं तर मुलं होऊ द्यायची. मध्येमध्ये सुगी येते तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाला दोन घास अन्न द्यावं लागतं. नाही देता आलं तर भीक मागितल्याचं कार्ड मिळतं आणि त्याचे तीन गुण कापले जातात.

परागने बाह्या सरसावल्या. घरची आठ एकर आहे, याला काय लागतंय, असा त्याचा आविर्भाव. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. बियाणं कुठलं? खताचं काय? पाऊस कुठल्या पत्त्यावर आहे? पोलिश गृहस्थ म्हणाले, पाऊस नाहीये. म्हणजे दुष्काळ? नाही, पाऊस हा प्रकारच नाही. पेरलं की पीक येतं. पराग क्षणभर थांबला आणि मराठीत म्हणाला, "पेरलं की येतं म्हणजे खेळच झाला की मग!" हमीभावाचं आणि कर्जमाफीचं त्याने विचारलंच नाही. पण एवढी अनुकूल परिस्थिती मिळूनही त्याने पहिल्या सुगीआधी सगळं लाकूड कुंपणात घातलं. सुंदर, चौकोनी कुंपण. आत एकही जनावर नाही आणि बाहेर दोन उपाशी माणसं. भीक मागितल्याची कार्डं त्याच्यापुढे साठत गेली. केतकीने काय केलं कुणाला कळलं नाही, पण शेवटी तिच्याकडे मेंढ्या, रानडुकरं, मातीचं घर आणि दोन मुलं होती. "अगं बाई, संपला?" झालंच.

या खेळात मध्येच मंग्याने पुऱ्यांचा डबा उघडला. हॉलमध्ये एकदम शांतता. लोकांच्या माना वळल्या. या जमातीत पत्त्याला तेलाचं बोट लागणं म्हणजे काय असतं ते सांगून कळायचं नाही. प्रत्येक पत्ता वेगळ्या पारदर्शक पाकिटात घालून ठेवणारी ही माणसं. पोलिश बाईंनी आधी पट हाताने झाकला, मग वास घेतला, मग बारवरून काटा-सुरी आणली आणि पुरीचे चौकोनी तुकडे करून खाल्ले. सहा पुऱ्या. दर पुरीनंतर ओल्या रुमालाने बोटं पुसली, जी पुरीला लागलीच नव्हती.

सकाळी परागने घरी फोन लावला आणि वडिलांना सगळा हिशोब सांगितला. पलीकडून आलेलं उत्तर स्पीकरवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आधी पोटापुरतं बघायचं असतं लेका, कुंपण मागनं." पोलिश गृहस्थ शेजारीच कॉफी पीत होते. त्यांना भाषांतर करून सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले की तुझे वडील हा खेळ चांगला खेळतात.

खरेदीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण घरची मंडळी हे वाचतात. मंग्याने ‘ग्लूमहेवन’ घेतला. त्याचं खोकं जवळजवळ दहा किलोचं आहे. विमानात तेवीस किलो नेता येतात. म्हणजे मंग्याकडे कपडे, जोडे आणि आईने सांगितलेली चॉकलेटं यांना तेरा किलो उरले. शेवटच्या रात्री आम्ही खोलीत जमिनीवर बसून खोकी फोडली. नव्या छपाईचा वास. पुठ्ठ्याच्या पत्र्यातून नाणी अंगठ्याने दाबून काढायची, टक् असा बारीक आवाज होतो, आणि कडेला किंचितसा पुठ्ठ्याचा केसर राहतो तो नखाने खरवडायचा. या कामासाठी आमच्यात भांडणं झाली. शेवटी पत्रे वाटून घेतले. मग लहान खोकी मोठ्यांत, मोठी आणखी मोठ्यांत, आणि पत्त्यांचे गठ्ठे मोज्यांत. जर्मनीची हवा भारतात न्यायची नाही असं ठरल्यावर आश्चर्यकारक जागा झाली. उरलेला पुठ्ठा एकाच डब्यात टाकला म्हणून सुहासने आम्हाला ओरडून तो परत वेचायला लावला. तिकडे त्याचेही नियम आहेत.

जुन्या खेळांच्या एका दुकानात मी ‘मेन्श एर्गेरे डिश निश्ट’ची कोपरे झिजलेली प्रत चिल्लर देऊन घेतली होती. माणसा, चिडू नकोस, असं नाव असलेला हा खेळ जर्मनीतल्या घराघरांत असतो. म्युनिकच्या जोसेफ श्मिट या माणसाने तो पहिल्या महायुद्धाआधी घरच्या पोरांसाठी केला आणि युद्धात तीन हजार प्रती लष्करी इस्पितळांना वाटल्या. तिथून तो पसरला. पण खोकं उघडलं की आपली पचिसी. तीच अधिकाच्या आकाराची वाट, त्याच चार घरांच्या चार रंगांच्या गोट्या. इंग्रजांनी तिचा लूडो केला, जर्मनांनी हा.

विमानतळावर सुहास पोचवायला आला होता आणि चेक-इन उघडायला अवकाश होता, म्हणून तिथेच सुटकेशीवर पट मांडला. नियमांचा कागद खोक्यात नव्हता. मंग्याचा चेहरा उजळला.

"एक तरी गोटी मारल्याशिवाय घरात शिरता येत नाही," तो म्हणाला.

"डोंबिवलीत शिरतात," केतकी म्हणाली.

"तीन वेळा सहा पडले की बाद."

"आमच्याकडे बाद नाही. आमच्याकडे परत टाकायचं."

"आमच्याकडे" हा शब्द वाढत्या आवाजात सात-आठ वेळा झाला असेल. शेजारच्या बाकावर एक जर्मन आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, पटाकडे पाहिलं आणि सुहासला काहीतरी सांगितलं. सुहास म्हणाला, "ते म्हणतात, मारता येत असेल तर मारायलाच पाहिजे. सोडून दिली तर आपली गोटी परत घरी."

एवढ्यात पलीकडे विणत बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर न करता दोन शब्द टाकले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ते तुमच्या घरी."

आजोबांनी पेपराची घडी केली. आजींनी विणकाम पिशवीत ठेवलं. पुढचं सुहासने भाषांतर करायचं सोडून दिलं. तो नुसता एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. एकही गोटी पटावर नसेल तर सहासाठी तीनदा टाकायचं, यावर दोघांचं एकमत होतं. बाकी कशावरही नव्हतं. आजोबांनी आपल्या आईचा हवाला दिला असावा, कारण आजींनी लगेच सासूबद्दलचा जो चेहरा करायचा असतो तो केला. मंग्या बाक ओढत ओढत त्यांच्या मध्ये जाऊन बसला आणि इंग्रजीत "पण समजा" असं म्हणाला. दोघांनी एकदम त्याच्याकडे वळून आपापली बाजू मांडायला सुरुवात केली, दोघांनीही जर्मनमध्ये, आणि तो दर वाक्याला मान डोलवत होता.

तोवर चेक-इनची रांग लागून संपतही आली होती. पराग सुटकेस ओढायला लागला, तिच्यावर पट होता, पटावर गोट्या होत्या, आणि फासा आजींच्या मुठीत होता. त्यांची पाळी होती आणि त्या तो द्यायला तयार नव्हत्या.